इंचभर लांबलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. चिकटवायची नव्हे, मोजायची. पिवळी, कापडी, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. कारखान्यातून निघाले तेव्हा मी बरोब्बर साठ इंच होते. पुढे काय झालं तेच सांगायला बसले आहे, पण सांगताना मान वर होत नाही.

माझं सगळं आयुष्य बायकांच्या आतल्या कपड्यांच्या एका छोट्या दुकानात गेलं. पुढे काचेचं कपाट, मागे पडद्याआड एक खोली, खोलीत आरसा आणि स्टूल. दुकान ताईंचं. गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना ताईच म्हणायची. ब्रा घ्यायला आलेली बाई दारातच अर्धी लाजलेली असे. "मागच्यासारखीच द्या" म्हणून पळायच्या बेतात. ताई तिला सोडायच्या नाहीत. "मागचीचं राहू द्या हो, आधी माप घेऊ." मग मी आधी छातीखालून फिरायचे, नंतर छातीवरून. खालच्या मापावर पट्ट्याचा नंबर ठरायचा, दोन मापांतल्या फरकावर कप.

सुरुवातीला ताईंच्या आई दुकानात बसत. माप घेऊनही त्यांचं समाधान होत नसे. ब्रा घालून झाली की त्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघत. बोटं अडकली की मोठा नंबर काढत. आई गेल्यावर ताईंनी ही पद्धत बंद केली. परक्या बाईच्या अंगाला पुन्हा पुन्हा हात कशाला लावायचा, टेप आहे ना! हे ऐकून मी केवढी फुगले होते म्हणून सांगू.

ताई टापटिपीच्या. माझी टोकं वळलेली त्यांना खपायची नाहीत. म्हणून दुकान बंद करताना त्या मला खिळ्याला टांगायच्या आणि खालच्या टोकाला चिमट्याने जड कात्री अडकवायच्या. रोज, न चुकता. एवढे लाड कुठल्या टेपचे झाले असतील? त्या लाडांनीच घात केला. मी हळूहळू ताणले गेले, माझे आकडे एकमेकांपासून लांब सरकले, आणि छत्तीस इंचांच्या बाईला मी पस्तीस सांगू लागले. पट्ट्याचे नंबर दोन-दोनने वाढतात. मधलं माप आलं की ताई खालचा नंबर द्यायच्या, कारण वापरून पट्टा सैल पडतो. म्हणजे छत्तीसवालीच्या नशिबी चौतीस.

बायका परत यायच्या. "घट्ट होतेय हो." ताई म्हणायच्या, "नवी आहे, चार दिवसांत बसेल." फारच कुणी कुरकुर केली तर कंपनीच्या नावाने बोटं मोडायच्या. माझ्यावर त्यांनी एकदाही संशय घेतला नाही.

ताईंची धाकटी बहीण एका गायनवृंदात गायची. एका वर्षी मोठ्या कार्यक्रमात एकटीने गायचा भाग तिच्या वाट्याला आला. हरखून ती दुकानात आली. ताईंनी कौतुकाने माझ्याकडून तिचं माप घेतलं आणि चौतीसच्या दोन नव्या ब्रा भेट दिल्या.

पंधरा दिवसांनी ती आली ती चेहरा पाडूनच.

"ताई, लांबलचक ओळ आली की मध्येच श्वास संपतो गं. घरी रात्रीच्या मोकळ्या गाऊनमध्ये गाते तेव्हा छान लागतो आवाज. तालमीला उभी राहिले की काहीतरी आवळतं बघ."

"आवळतं म्हणजे? भीती ती. लोकांसमोर पहिल्यांदाच एकटी गाणार ना!"

"भीती नाही वाटत मला. नवी ब्राच जरा घट्ट वाटते."

"वेडाबाई, माप मी घेतलंय. माझी टेप खोटं बोलत नाही."

मी तेव्हा ताईंच्या गळ्यातच होते. मला तोंड असतं तर ओरडले असते. धाकटीने ताईंचं ऐकलं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी तो भाग दुसरीला मिळाला, आणि दोन महिन्यांत धाकटीने गाणं सोडलं. कुणी कारण विचारलं तर हसून म्हणायची, "मी मुलखाची घाबरट. स्टेज बघितलं की छातीत गोळा येतो." ब्रा मात्र ती ताईंकडूनच नेत राहिली, तोच नंबर.

अशी नऊ वर्षं गेली. मग एक दिवस सुतारकाम करणारी एक बाई दुकानात आली. मी सांगितलेला आकडा तिला पटेना. तिने पिशवीतून आपली लोखंडी टेप काढली आणि मला काउंटरवर तिच्याशेजारी सरळ पसरलं.

"ताई, तुमची टेप लांबलीय. हे बघा, छत्तिसाच्या आकड्याशी चांगली इंचभर."

ताई बघतच राहिल्या. ती बाई गेल्यावर त्यांनी दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं, नवी टेप आणली आणि धाकटीला बोलावून घेतलं. पडद्याआड तिचं माप पुन्हा घेतलं. छत्तीस. ताईंनी छत्तीसची ब्रा तिला घालायला दिली आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

धाकटीने आरशासमोर उभं राहून एक श्वास घेतला. तो आत जातच राहिला, कुठेही अडला नाही. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे ताई, मी घाबरट नव्हते?"

"नाही गं. कधीच नव्हतीस."

"मी म्हटलं होतं तुला, घट्ट होतेय म्हणून."

ताईंनी आईसारखी दोन बोटं पट्ट्याखाली सरकवून बघितली. धाकटी अजून गायला गेलेली नाही. जाईल की नाही, मला ठाऊक नाही.

आता मी खणाच्या तळाशी असते. मित्रांनो, माझ्यासारख्या टेपला वजन टांगू नका, आणि अधूनमधून तिला लोखंडी पट्टीशी ताडून बघत जा. एवढं तर कराच. पण उद्या तुमच्या घरातली कुणी म्हणाली, "मला हे घट्ट होतंय," तर टेप काढायच्या आधी तिचं म्हणणं खरं माना.