हिरवी तार

शेषराव सरांना कॉलनीत कुणी नावानं हाक मारत नसे. नुसतं 'सर'. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमन ट्रेड शिकवलेला माणूस. अकोल्याच्या उन्हाळ्यात कुणाचा कूलर कुरकुरला की सर आपल्या ओट्यावरूनच निदान सांगायचे. "आवाज येऊन राहिला? बेअरिंग गेलं. वारा चिकट लागते? अरे, खिडकी उघडा, कोंडलेल्या खोलीत कूलर काय करन!" सांगणं बरोबर असायचं, म्हणून तोराही होता. तोरा असावा माणसाला, पण इतकाही नसावा.

यंदा मे महिन्यात त्यांच्याच कूलरनं छळ मांडला. तासभर चालला की खटकन अख्ख्या घराची लाइट जायची. मार्चमध्ये वाळ्याच्या नव्या ताट्या लावून कूलर खिडकीत बसवला होता तो संघपालनं. संघपाल सरांचाच विद्यार्थी, आता कॉलनीतले सगळे कूलर तोच बघायचा. त्यानंच मीटरजवळ ईएलसीबी बसवली होती, कुठं करंट गळला की लगेच लाइट तोडणारी. आता सरांना काय बिघडलंय ते कळत नव्हतं का? कळत होतं की! लाइट तुटते म्हणजे करंट गळतोय, आधी पंप बाहेर काढा, हे त्यांनीच शेकडो पोरांकडून घोकून घेतलं होतं.

पण त्या दिवशी अमरावतीहून व्याही आलेले. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. जेवणं झाली, सर व्याह्यांना घेऊन कूलरसमोर बसले आणि लाइट गेली. चालू केली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा व्याही हसले, "सर, तुमच्याच घरी असं?" झालं! सर पक्कड घेऊन कूलरच्या मागं गेले आणि अर्थिंगची, गळलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी तार तोडून टाकली. टोकाला टेप गुंडाळली. करंट आता पत्र्यातच कोंडला, लाइट जायची थांबली. "फॉल्ट काढला," असं व्याह्यांना ऐटीत सांगितलं आणि खुशाल डुलकी काढली. व्याही संध्याकाळी परत गेले, आणि सरांच्या डोक्यातून ती तारही गेली.

दहा दिवसांनी सकाळी शालूबाई, म्हणजे सरांची बायको, नळीनं कूलरची टाकी भरत होती. फरशी ओली, पाय अनवाणी, कूलर चालू. तिचा हात पत्र्याला लागला आणि किंकाळी घरभर गेली. सर धावले तेव्हा ती भिंतीशी पडली होती. कपाळाला खोक. लाइट बंद पडली होती. ईएलसीबीनं तोडली, म्हणून बाई जिवंत राहिली.

शेजारच्या लीलाबाई धावत आल्या, मागोमाग आणखी तिघं. "काय झालं सर? तुमच्या घरी करंट?"

"मी काय करू? त्या संघपालचं फिटिंग!" सर बोलून गेले.

शब्द तोंडातून गेले आणि मग ती हिरवी तार आठवली. अजून वेळ होता, चारच माणसं होती, शब्द मागं घेता आला असता. सरांनी तो घेतला नाही, शालूबाईला उठवायला वाकले. लीलाबाईंनी तिथंच फोन लावला. "संघपाल, आमच्याकडे येऊ नको बापा. सरांच्या बायकोले मारूनच टाकत होता तू!" बाकीच्यांनीही आपापली कामं दुसऱ्याला द्यायचं बोलून टाकलं. ऐन मे महिना, आणि अर्ध्या कॉलनीत त्याचं नाव खराब व्हायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

शालूबाईला पट्टी करून आणलं, तोवर संघपाल दारात उभा होता. चेहरा उतरलेला. "काकू, कशा आहा?" त्यानं आधी तिला विचारलं. मग मेन स्विच बंद करून कूलर उघडला. भोवती माणसं जमलीच. त्यानं पंप वर काढला. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं त्यावर पांढरा थर चढलेला, वायर आतपर्यंत खाल्लेली. "इथून गळून राहिलं," तो म्हणाला. मग तो मागच्या बाजूला वाकला, आणि तसाच थांबला.

सर त्याच्या शेजारीच उभे होते. त्यांनाही दिसलं. तुटलेल्या हिरव्या तारेवर टेप, अर्ध्यावर अर्धा वेढा, शेवटचं टोक नीट आत दाबलेलं. अशी टेप मारायला शिकवताना सरांनी या पोराच्या बोटांवर फूटपट्टी हाणली होती. सरांचे कान लाजेनं तापले. अशी टेप दोघंही मारत, आणि लोकांचा विश्वास सरांवर होता.

"उंदरानं तोडली असन," सर हळूच म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकवेना.

"उंदीर टेप मारते का सर?" संघपालही हळूच बोलला. त्याचे डोळे भरले होते, पण नजर सरांवरून हलली नाही. "मी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. तुमाले काहून सांगता येत नाही?"

सरांनी इकडं तिकडं पाहिलं. खाली बघितलं. मग म्हणाले, "तार मी तोडली."

"काय म्हणता सर?" मागून लीलाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. म्हणजे पुन्हा सांगणं आलं, तेही मोठ्यानं.

"तार मी तोडली! व्याह्यांसमोर लाइट जाऊन राहिली होती म्हणून तोडली. संघपालचा काही दोष नाही. त्याची ईएलसीबी नसती तर शालू गेली असती."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. "मग आमच्याकडे ये बापा उद्या," लीलाबाई संघपालला पुटपुटल्या आणि माणसं एकेक करून पांगली. सरांकडं मात्र कुणी पाहिलं नाही.

संघपालनं नवा पंप टाकला, हिरवी तार जोडली, कूलर चालू केला, टेस्टर लावून पत्रा तपासला. शालूबाई दारापर्यंत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कपाळावरची पट्टी घामानं ओली झाली होती.

"भर आता पाणी," सर म्हणाले. "काही होत नाही. मी सांगतो ना."

शालूबाईनं नळी उचलली, पण पाऊल पुढं टाकलं नाही. चाळीस वर्षांत घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी तिनं फक्त नवऱ्याला विचारलं होतं. आज तिनं सरांच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं.

"संघपाल, हात लावू का रे?"

"लावा काकू."

सर तिच्या वाटेतून बाजूला झाले.