अप्पांनी न लिहिलेलं पुस्तक

पहिल्या गिऱ्हाइकाने ते पुस्तक मागितलं तेव्हा थोरलीला वाटलं, माणसाची नावात काहीतरी गल्लत झाली असेल. डोंगरावर चढणाऱ्या त्या जुन्या, छोट्या गाडीच्या पायथ्याच्या स्टेशनासमोर तिचं पुस्तकांचं दुकान होतं, आणि तिथे उतरणारी माणसं काय वाटेल ते मागत. कुणाला नकाशा हवा असे, कुणाला छत्री. एकाने तर 'ते निळं पुस्तक, आत इंजिनाचं चित्र आहे' एवढ्याच भांडवलावर सगळी कपाटं उपसायला लावली होती. त्यामुळे टोपीवाला एक पाहुणा काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "'त्या वळणावर मी झोपलो होतो' द्या," तेव्हा तिला हसूच आलं.

"कुठल्या वळणावर झोपला होतात?"

"मी नाही हो! पुस्तकाचं नाव आहे ते. लेखक इथलेच आहेत, या गाडीचे जुने ड्रायव्हर." आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

डोंगरगाडीच्या वारसा कार्यालयाने गाडीच्या वाढदिवसानिमित्त एक यादी काढली होती. या गाडीवरची आवर्जून वाचावीत अशी पुस्तकं. त्यातल्या तिसऱ्या पुस्तकाखाली थोरलीच्या वडिलांचं नाव होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'घाटातल्या भीषण अपघाताच्या वेळी आपल्याला डुलकी लागली होती, हे सत्य आयुष्यभर लपवणाऱ्या ड्रायव्हरची मन हेलावणारी कबुली. चुकवू नये.'

थोरलीचं हसू जागच्या जागी विरलं. ती म्हणाली, "असं पुस्तक नाही."

"संपलंय का?"

"नाहीच आहे. कुणी लिहिलेलंच नाही."

पाहुण्याने तिच्याकडे, मग फोनकडे पाहिलं, आणि फोनवर विश्वास ठेवून निघून गेला.

तिचे वडील, अप्पा, तेव्हा दुकानातच, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तकांना कव्हरं घालत होते. कान जरा जड झाले होते म्हणून त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. उभा जन्म त्यांनी त्या गाडीवर काढला होता आणि निवृत्त झाल्यावर एकच पुस्तक लिहिलं होतं, 'दातेरी रूळ'. दोन रुळांच्या मधोमध दात असलेला तिसरा रूळ कशाला, धुक्यात इंजिन चालवताना डोळ्यांपेक्षा कान कसे लागतात, असं सगळं त्यात होतं. अपघातावरही एक प्रकरण होतं. उतारावर ब्रेकची नळी फुटली आणि गाडी सुटली. अप्पांनी वाफेत हात घालून दांडा ओढून धरला, आणि मागच्या छोट्या डब्यातल्या ब्रेकवाल्याने हातब्रेकचं चाक सोडलं नाही. गाडी थांबली, उतारू वाचले. पण थांबण्याआधी वळणावर तो मागचा डबा कलंडून दरीत गेला, ब्रेकवाल्याला घेऊन. चौकशी झाली, दोष नळीचा निघाला. हे सगळं त्या पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक यादीत नव्हतं. जे लिहिलं ते गायब, जे लिहिलं नाही ते हजर!

थोरलीने ही गोष्ट घरात काढली नाही. दोन दिवसांत लोक विसरतील, असा तिचा हिशेब. लोक कसले विसरतात! गाडीची गर्दी वाढली तशी मागणीही वाढली. "घरच्या माणसाचं पुस्तक आणि तुम्हीच ठेवत नाही?" असं एकाने दरडावलं. आणि एक गॉगलवाली बाई काउंटरवर वाकून, अगदी मायेने, हळूच म्हणाली, "मी समजू शकते हो. लाज वाटत असेल."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. लाज? तिने दुकान अप्पांवर सोपवलं, त्यांना "बँकेत जाऊन येते" असं सांगितलं आणि तडक वारसा कार्यालय गाठलं.

कार्यालयातले साहेब सभ्य होते. सभ्य माणसाशी भांडायचं म्हणजे गादीवर बुक्के मारण्यासारखं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "यादी आम्ही केलेली नाही. ती ग्रंथमित्रांनी केलीय. मोठा माणूस आहे, वर्तमानपत्रात दर आठवड्याला पुस्तकांवर लिहितात."

"पण छापली तुम्ही. पुस्तक पाहिलंत का?"

"आम्ही कशाला पाहू? ते वाचतात ना."

"मग त्यांना विचारा, कुठे वाचलं."

साहेबांनी नाइलाजाने फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला. ग्रंथमित्रांचा आवाज मुरलेला, सभा जिंकून जिंकून गुळगुळीत झालेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, रागावू नका. पण वडिलांनी घरच्यांना न सांगता लिहिलं असेल. अशा गोष्टी मुलीला सांगणं जड जातं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! आपल्याच बापाची ओळख आता हा परका माणूस करून देणार!

"पुस्तक दाखवा," ती म्हणाली. "एक पान दाखवा."

"माझ्या संग्रहात हजारो पुस्तकं आहेत. शोधावं लागेल." आणि फोन बंद झाला.

साहेबांनी हात झटकले. "बघू या. कार्यक्रम झाला की बघू. आणि खरं सांगू? पर्यटकांना हीच नोंद सगळ्यांत जास्त आवडलीय."

ती दुकानात परतली तेव्हा दारात दवाखान्यातली सिस्टर उभी होती. त्या ब्रेकवाल्याची मुलगी. बाप गेला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. अप्पांनी तिच्या आईला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं, आणि ती मोठी होऊन नर्स झाल्यावर दर आठवड्याला येऊन अप्पांचा रक्तदाब पाही, औषधांवरून त्यांना रागावे. आज तिच्या हातात तपासणीची पिशवी नव्हती. चेहरा पांढराफटक होता.

"ताई, बाजूला हो. मला अप्पांना विचारायचंय."

"अगं, ऐक तरी..."

पण ती आत गेलीच. अप्पांच्या समोर उभी राहिली आणि मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अप्पा, तुम्ही झोपला होतात?"

अप्पांना काहीच कळेना. "कधी गं? दुपारी? जरा डोळा लागला होता."

सिस्टरला हुंदका फुटला. थोरलीने धावत जाऊन अप्पांचा हात धरला आणि मग सगळं सांगावंच लागलं. यादी, पुस्तकाचं नाव, कबुली, लोकांचे प्रश्न. अप्पा ऐकत होते. रागावतील, ओरडतील असं तिला वाटलं. ते नुसते कात्री बाजूला ठेवून कव्हराच्या कागदाची घडी करू लागले. पुन्हा पुन्हा, तीच घडी.

मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी भाजून आवळलेली, चकचकीत होती. सिस्टरने हा हात शेकडो वेळा पाहिला होता, त्यावरच तर ती रक्तदाबाचा पट्टा बांधायची.

"पोरी, तुझा बाप उडी मारू शकला असता," अप्पा म्हणाले. "मी शिट्टी दिली होती त्याला, सोड म्हणून. त्याने उलट शिट्टी दिली. मला ती अजून ऐकू येते, बाकी काही येत नाही. झोपलेल्या माणसाला येते का?"

सिस्टर खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. अप्पा तिला थोपटत राहिले. पण दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. "लोक बघतात," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ज्या माणसाने सुटलेली गाडी धरली, त्याला एका ओळीने अंथरुणाला खिळवलं. थोरलीला आता झोप लागेना, घास गिळवेना. शांतपणे सांगून पाहिलं होतं. आता बस्स.

गाडीच्या वाढदिवसाचा कार्यक्रम स्टेशनच्या फलाटावरच होता. इंजिनाला पताका, खुर्च्यांच्या रांगा, आणि मंचावर साहेबांशेजारी ग्रंथमित्र, खांद्यावर शाल. त्यांनी माइक हातात घेतला आणि यादीतल्या एकेका पुस्तकावर बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या पुस्तकापाशी आवाज खाली आणला. "या पुस्तकाची पानं उलटताना," ते म्हणाले, "माझे हात थरथरत होते."

"कुठल्या पानावर?" थोरली उभी राहिली होती.

लोक वळून पाहू लागले. साहेब खुर्चीत चुळबुळले.

"कुठल्या पानावर थरथरले ते सांगा. मी त्या ड्रायव्हरची मुलगी आहे. समोर माझं पुस्तकांचंच दुकान आहे. मला हे पुस्तक कुठेही मिळालं नाही. इथे कुणी वाचलं असेल तर हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. ज्यांनी दुकानात येऊन तिला शहाणपण शिकवलं होतं, त्यातलेही दोघे-तिघे तिथे होते. ते बुटांकडे पाहू लागले.

"बाई, ही वेळ नाही," ग्रंथमित्र म्हणाले.

"मग माझ्यासाठी वेळ काढा," तिच्या शेजारी सिस्टर उभी राहिली. दवाखान्यातून ती तशीच, गणवेशात आली होती. "त्या अपघातात जो मेला तो माझा बाप. तो कशाने मेला हे तुम्ही जगाला सांगताय. वाचून सांगा. एक वाक्य वाचून दाखवा, मी बसते खाली."

ग्रंथमित्रांनी शाल सावरली. घसा खाकरला. मग साहेबांकडे झुकून पुटपुटले. माइक चालूच होता. "अहो, मी फक्त विषय टाकला. यादी त्या संगणकाने करून दिली. मला काय माहीत तो मनाने पुस्तकं लिहितो!"

फलाटभर हशा पिकला. थोरली हसली नाही. "त्याने मनाने लिहिलं," ती म्हणाली, "पण हात तर तुमचे थरथरले ना?"

यादी संध्याकाळच्या आत काढून टाकली गेली. तिच्या जागी एक ओळ आली, 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत.' ती वाचून थोरली पुन्हा कार्यालयात जाऊन बसली. "भावनांचं मी बघेन. तुम्ही खोटं छापलंत, ते लिहा." साहेबांनी नियम सांगितले, वरिष्ठ सांगितले. ती उठलीच नाही. शेवटी तिने सांगितलं तसं त्यांनी लिहिलं. असं पुस्तक नाही, तो अपघात ड्रायव्हरच्या चुकीने झाला नव्हता, आणि उतारूंना वाचवताना ब्रेकवाला गेला. त्याचं पूर्ण नावही घातलं. सिस्टरने तो मजकूर दवाखान्यातल्या फळ्यावर लावला.

अप्पा त्यानंतर दोन दिवसांनी दुकानात आले. त्याच आठवड्यात साहेबही आले, पडलेल्या चेहऱ्याने. नव्या यादीत 'दातेरी रूळ' पहिल्या क्रमांकावर घेणार म्हणाले.

"वाचलंत?" अप्पांनी कानाला हात लावून विचारलं.

"अजून नाही. पण उत्तमच असणार."

"मग नको." अप्पांनी एक प्रत उचलली आणि समोरचा स्टूल पायाने पुढे सरकवला. "बसा. आधी वाचा. आवडलं तर घाला, नाही आवडलं तर तसं लिहा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काउंटरमागच्या थोरलीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बसले. ते पानं उलटत होते आणि ती टक लावून पाहत होती, एखादं पान गाळतात की काय म्हणून.

"आता तरी राग सोड गं," तिच्यासमोर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत सिस्टर हळूच म्हणाली.

"का म्हणून?" थोरली म्हणाली. "तो साहेब अजून चौथ्याच पानावर आहे."