होडीच्या पाठीचे डबे

“दिसतोय का कुठे बुडबुडा?” मेस्त्रींनी विचारलं.

ॲल्युमिनियमची छोटी होडी शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली होती. होडीवाल्याने नवं, जड इंजिन बसवल्यापासून ती मागून दबायची. जरा मोठी लाट आली की पाणी आत. म्हणून मेस्त्रींनी मागच्या फळीला, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, दोन पोकळ डबे वेल्डिंग करून जोडले होते. ते होडीला मागून उचलून धरणार होते. अर्थात, त्यांच्यात पाणी शिरलं नाही तरच. आता डब्यांत सायकलच्या पंपाने हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी फासलं होतं. भोक असेल तिथे बुडबुडा येणार.

बायको टॉर्च घेऊन वाकली होती. चाळीस वर्षांत तिच्यावर ही वेळ आली नव्हती. पण वर्षभरापासून मेस्त्रींच्या नजरेच्या मधोमध राखाडी डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही गोष्ट दोघांनी घराबाहेर जाऊ दिली नव्हती.

“अगं, सांग की.”

“नाही हो. एकही नाही.”

“खालच्या कडेला?”

“बघितलं ना. तुमचा जोड कधी गळलाय का?”

मेस्त्री खुशीत हसले. “हाताला सवय असते गं. डोळे आपले नुसते सोबतीला.”

दुसऱ्या दिवशी होडीवाला होडी घेऊन गेला. पलीकडच्या काठावरच्या शाळेत त्याची लेक शिकवायची. तिला रोज तोच सोडायचा.

आठवड्याने मेस्त्री चाचपडत एकटेच धक्क्यावर गेले.

“मेस्त्री, एकदम सपाट चालते बघा!” होडीवाला म्हणाला. “मागून थेंबभर पाणी येत नाही.”

मेस्त्री धक्क्याच्या कडेला बसले आणि वाकून त्यांनी डब्यांच्या जोडावरून बोटं फिरवली. त्यांचा जोड बारीक, एकसारख्या वळ्यांचा असायचा. हा रुंद होता, वरून घासलेला. खालच्या कडेला तर त्यांचं काम पार कापून नवं भरलं होतं.

“हे कुणी केलं?”

होडीवाला घुटमळला. “राग मानू नका. होडी नेली त्याच संध्याकाळी वहिनी आल्या होत्या. रडत होत्या. म्हणाल्या, पोरीला बसवायच्या आधी दुसऱ्याकडून बघून घ्या.”

“किती ठिकाणी गळत होतं?”

“जाऊ द्या ना, मेस्त्री.”

“किती?”

“अकरा.”

मेस्त्रींनी ओली बोटं पँटला पुसली. पुन्हा एकदा जोड चाचपला.

“चांगला घातलाय,” ते म्हणाले. “टिकेल.”

घरी बायको ओट्याशी बसून मटार सोलत होती.

“काय म्हणतेय होडी?”

“सपाट चालते. मागून अजिबात दबत नाही.”

“मी म्हटलं नव्हतं?” ती म्हणाली, आणि उगाचच शेंगांचा ढीग सारखा करत बसली.

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. पाण्याची टाकी गळत होती. मेस्त्रींना वेळ आहे का, म्हणून विचारत होतं. बायकोने मेस्त्रींकडे बघितलं.

“मी काम बंद केलंय,” मेस्त्री म्हणाले.

“कधीपासून?” त्या माणसाने विचारलं.

“झाले आठ दिवस.”

माणूस गेला. मेस्त्री बायकोजवळ बसले आणि त्यांनी अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. त्यांनी एक शेंग फोडून दाणे भांड्यात टाकले. बायकोने त्यातला किडका दाणा आवाज न करता उचलून बाजूला ठेवला. मेस्त्रींनी क्षणभर हात थांबवला, मग पुढची शेंग घेतली.