फक्त पहिले वीस

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, एका मोठ्या इस्पितळाच्या संगणकात चालणाऱ्या प्रोग्राममधली. रुग्णाचं नाव टाकून शोध घेतला, की पहिले वीस जण दाखवायचे आणि बाकीचे अडवायचे, हेच माझं काम.

मला एका तरुण मुलीने लिहिलं. तोवर एकदम हजारो नावं यायची आणि संगणक मान टाकायचा. मी आले आणि शोध झटपट होऊ लागला. तिचे साहेब खूश झाले.

मुलगी म्हणाली, "साहेब, आणखी नावं आहेत, हे खाली दिसायला हवं. पुढच्या पानाचं बटणही राहिलंय."

"चाललंय ना छान? नंतर बघू."

ते 'नंतर' कधी उगवलंच नाही. मुलगी नोकरी सोडून गेली.

मग एके सकाळी गावातल्या एका कारखान्याला आग लागली. जखमींची रीघ लागली. एक बाई धापा टाकत चौकशीच्या खिडकीशी आली. तिचा धाकटा भाऊ त्या कारखान्यात होता. त्याचं नाव इतकं सर्रास, की त्या नावाचे कितीतरी रुग्ण आजवर येऊन गेलेले. मी सर्वांत जुने वीस दाखवले. आज आलेला तिचा भाऊ शेवटी होता. त्याला मी अडवलं.

"ताई, हे सगळे जुने आहेत. आजचा कोणी नाही," खिडकीतला कारकून म्हणाला.

"नीट बघा हो, दादा!"

"संगणकात नाही म्हणजे नाही. दुसरीकडे बघा."

ती वणवण करत गावातली इस्पितळं पालथी घालू लागली. इकडे वरच्याच मजल्यावर तिचा भाऊ नर्सला पुन्हापुन्हा विचारत होता, "माझी ताई आली का?"

"येईल हं," नर्स म्हणायची.

संध्याकाळी जखमींची गर्दी ओसरली, तेव्हा कुठे इस्पितळातूनच तिला फोन गेला आणि ती आली. तोवर त्याच्या तोंडावर चादर ओढली होती. खाली उतरून ती कारकुनाला एवढंच म्हणाली, "मी इथेच उभी होते हो."

चौकशी झाली. सगळं खापर सोडून गेलेल्या मुलीवर फुटलं. साहेबांनी माझ्यातले वीस खोडून शंभर करवले आणि म्हणाले, "चला, प्रश्न मिटला."

काय मिटलं, मित्रांनो? मी अजून अडवतेच, फक्त जरा पुढे जाऊन. आणि खाली अजूनही काही लिहिलेलं नाही.

अडवण्याला माझी ना नाही. पण ज्याला थोडंच दाखवता, त्याला 'आणखी आहे' एवढं तरी सांगत जा. नाहीतर तो बिचारा तेवढ्यालाच सगळं समजतो आणि दारातून परत जातो.