शाईची खुर्ची

"धरू नका, साहेब," म्हातारी म्हणाली आणि तिने हात इतक्या झटक्यात मागे घेतला, की कारकुनाच्या हातातली शाईची काडी हवेतच राहिली. मग तिने आपणहून डाव्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि सुई टोचून घ्यायला बसावं तसं तोंड बाजूला वळवलं. "टाका आता वरनं. आमचं असंच असतं."

पाणीपुरवठा खात्यातला हा कारकून शाईच्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता. मतदान केंद्रावर या खुर्चीला फारसा मान नसतो. केंद्राध्यक्षाला सही करता यावी लागते, यादीवाल्याला वाचता यावं लागतं. शाईवाल्याला फक्त बोट धरता आलं की झालं. मतदाराचं बोट नीट धरायचं आणि नखावरून कातडीपर्यंत रेघ ओढायची, एवढंच त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं. सकाळपासून त्याने तेच केलं होतं. वरच्या आळीची बोटं आली, त्याने धरली, रंगवली, सोडून दिली. आता खालच्या आळीची रांग लागली होती आणि पहिलंच बोट टेबलावर येऊन पडलं होतं.

"आजी, वरून टाकली की ओघळते. धरावं लागतं."

"मागच्या टायमाला टाकली की. त्याच्या मागच्यालाही. ओघळली तर ओघळली, तुमच्या घरची थोडीच आहे?" रांगेत कुणीतरी हसलं. म्हातारीने आवाज खाली आणला. "उगाच शिवाल आणि मग तुम्हालाच आंघोळ."

"मला नाही लागत आंघोळ," कारकून म्हणाला. तरी ती हात टेबलावरून उचलेना, तेव्हा तिला धीर यावा म्हणून तो पुढे वाकला. "आजी, मी तुमच्यातलाच आहे."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बोट उचललं आणि त्याच्या हातात दिलं. ते लाकडासारखं कडक होतं.

केंद्र म्हणजे शाळेचा एक वर्ग होता, आणि वर्गात हळू बोललेलं शेवटच्या बाकापर्यंत हमखास पोचतं. शेवटच्या बाकावर चेअरमनांचा पुतण्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. तो उठला, कपडे झटकले आणि बाहेर गेला.

चेअरमन हे गावच्या सोसायटीचे. आदल्या संध्याकाळी ते कर्मचाऱ्यांना चहा घेऊन आले होते आणि कारकुनापाशी रेंगाळले होते. आडनाव विचारून झालं. ते आडनाव दोन्हीकडे चालणारं निघालं. "मूळचे कुठले?" हेही विचारून झालं. "बदलीचा माणूस मी. मूळ कसलं, साहेब?" असं कारकून म्हणाला तेव्हा चेअरमन मोकळेपणी हसले आणि त्याला आणखी अर्धा कप दिला. सकाळी पहिलं मत त्यांचंच होतं.

त्याच संध्याकाळी केंद्राध्यक्ष मास्तरांनी एक काम फार मन लावून केलं होतं. ते तालुक्याला नागरिकशास्त्र शिकवत. वर्गाच्या भिंतीवर देशाच्या घटनेची सुरुवातीची वाक्यं ठळक अक्षरांत रंगवलेली होती. मतदारांवर प्रभाव पडेल असा कुठलाही मजकूर केंद्रात नको, असा नियम. मास्तरांनी दोनदा विचार केला आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता या सगळ्यांवर खाकी कागद चिकटवून टाकला. "उगाच कुणी तक्रार नको करायला," ते म्हणाले होते.

आता चेअरमन दारात उभे होते. उजवा हात दाराच्या चौकटीवर, डावा खिशात. शाई लागलेलं बोट सकाळपासून ते कौतुकाने दाखवत हिंडत होते. ती शाई आठवडाभर जात नाही, हे त्यांना बहुधा आत्ताच आठवलं असावं.

"मास्तर, जरा बाहेर येता?"

मास्तर गेले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"माझं काही नाही हो. मी जुनं मानत नाही. पण आमच्या बायका यायच्या आहेत. त्या म्हणतात, त्याच्या हातात हात द्यायचा असेल तर आम्ही घरीच बऱ्या. अर्धं गाव बसून राहिलं, तर वर उत्तर तुम्ही देणार ना?"

मास्तर परत आले ते घाम पुसतच. "भाऊ, असं करू या का? तुम्ही यादी घ्या, मॅडम शाई घेतील. काम तेच. बसून बसून अंगही आखडतं."

यादीवर बँकेतल्या मॅडम होत्या. त्यांनी यादीतून डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घातलं.

"माझं नाही आखडलं," कारकून म्हणाला.

"तसं नव्हे हो."

"मग लिहून द्या, सर. मला इथून का उठवलं ते लिहा. मी लगेच उठतो."

मास्तरांनी पेन काढलं. टोपण उघडलं. थोडा वेळ ते खाकी कागद चिकटवलेल्या भिंतीकडे बघत राहिले. "काय लिहू?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी अगदी खराच विचारला होता.

"जे आहे ते."

"भाऊ, मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

कारकुनाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. लहानपणापासून तो बऱ्याच ठिकाणांहून उठला होता. न सांगता, हसत, काही झालंच नाही असं दाखवत. ही खुर्ची काही मोठी नव्हती. पण या खुर्चीवर बसून त्याने सकाळपासून अर्ध्या गावाचा हात हातात घेतला होता, आणि इथून उठायचं नाही असं त्याने ठरवलं.

मग म्हातारी बोलली. मत देऊन ती परत आली होती आणि दाराशी थांबली होती.

"उठ रे बाबा."

"आजी, मी नियमाने बसलोय."

"बसलास, ते छान दिसलं. पण तू संध्याकाळी गाडीत बसून जाशील. आम्हाला उद्या यांच्याच विहिरीवर, यांच्याच बांधावर. आज यांच्या बायका घरी बसल्या, तर ते कुणावर निघेल?"

रांगेतले लोक आपापल्या पायांकडे बघत होते. कारकुनाने काडी बाटलीत ठेवली आणि तो उठला. चेअरमनांनी त्याला वाट देण्यासाठी सौजन्याने अंग चोरलं. जरा जास्तच चोरलं.

उरलेला दिवस तो यादीवर रेघा मारत बसला. वरच्या आळीच्या बायका आल्या, हसल्या, मॅडमना गाव विचारलं. मॅडम वाईट नव्हत्या. खालच्या आळीतली पहिली दोन-तीन बोटं त्यांनी धरायला घेतलीही. पण बोटं आपणहून टेबलावर पडत होती, दारात चेअरमन खुर्ची टाकून बसले होते, आणि रांग लांब होती. दुपारनंतर वरच्या आळीला त्या "हात द्या" म्हणायच्या आणि खालच्या आळीला "टेबलावर ठेवा". कोण कुठलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं त्यांना यायला लागलं होतं.

वेळ संपत आली तेव्हा मास्तर म्हणाले, "भाऊ, तुमचं राहिलंय की." ड्युटीवरच्या माणसाला तिथेच मत देता येतं. कारकुनाने यादीवर स्वतःचा क्रमांक लिहिला, सही केली आणि तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मॅडम दमल्या होत्या. मान वर न करता त्यांनी काडी बुडवली. "टेबलावर ठेवा."

कारकुनाने डावा हात पुढे केला आणि तो टेबलाच्या वीतभर वर धरला.

मॅडमनी मान वर केली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "अहो, मी... चुकून गेलं तोंडातून."

"हो," कारकून म्हणाला. हात तिथेच होता.

"आटपा, आटपा," मास्तर म्हणाले. "पेटी सील करायचीय."

चेअरमन खुर्चीतून उठून दारात आले होते. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. काडीच्या टोकाचा थेंब टेबलावर पडला. त्यांनी काडी पुन्हा बुडवली. कारकुनाचा खांदा आता भरून आला होता, पण त्याने हात खाली घेतला नाही.