इन्सुलिनच्या पेनाचा मला हेवा वाटतो

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, मित्रांनो. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, सुमिरा आजींच्या काचेच्या कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात मी राहतो. सकाळी आजी बोट टोचून मला रक्ताचा थेंब देत आणि माझा आकडा पाहूनच ताटात भात वाढून घेत. शेजारणीही साखर तपासायला येत. माझा मान मोठा होता.

मग आजींची दहा वर्षांची नात लारास वाळू लागली. सारखी तहान, सारखी लघवी. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि घरात इन्सुलिन टोचायचे पेन आले. कालचे पोर ते! आता सगळे माझा आकडा बघत आणि लगेच त्याच्याकडे धावत. मी जळून खाक होई.

आजींनाही पेन नकोसे होते. गोड चारून चारून नातीला आजार दिलास, असा टोमणा एका शेजारणीने मारला होता. तो त्यांच्या जिव्हारी लागला होता, आणि पेन दिसले की तोच आठवे.

एकदा लारासची आई एंदांग दोन दिवस सोलो शहरात गेली. आजी म्हणाल्या, "कशाला गं बाळा त्या सुया? मलाही साखरच आहे ना. माझी गोळी घे."

पेन तसेच पडून राहिले. मला बरे वाटले.

दुसऱ्या दुपारी लारासला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल खोल चालला. आजींनी तिचे बोट टोचले. साखर माझ्या मोजमापापलीकडे गेली होती. मला आकडाच दाखवता येईना. आजी तिला शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन धावल्या.

लारास वाचली. डॉक्टरीणबाई आजींजवळ बसल्या.

"आजी, आजाराचं नाव एकच, पण प्रकार वेगळे. तुमच्या अंगात इन्सुलिन बनतं, पण ते नीट लागू पडत नाही, पुरतही नाही. वय, वजन, घराण्यातला आजार, अशी त्याची कारणं. हिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच स्वतः मारून टाकल्या. हिला ते बाहेरूनच द्यावं लागणार."

"मी गोड चारलं म्हणून झालं का हो?"

"नाही, आजी. हा आजार गोडानं होत नाही."

आजी ओढणीत तोंड लपवून रडल्या.

घरी आल्यावर त्यांनी पेनासाठी बाटिकची सुरेख पिशवी शिवली. मी अजून पुठ्ठ्याच्या खोक्यातच आहे.

मित्रांनो, एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नका. कुणाच्या आजाराचा दोष घरातल्या माणसाच्या माथी मारू नका. पेनाला जपा, त्याच्यावर एका मुलीचा जीव आहे, हे मलाही कळते.

पण उरलेल्या कापडात माझीही एक पिशवी झाली असती.