वेशीवरची ओवाळणी

इतिहास लिहितायत म्हणे मॅरेथॉनचा! दहावं वर्ष, म्हणून स्मरणिका, स्टेज, शाली. माझं डोकंच फिरलेलं. पण समितीचे स्वानंद सर डोंबिवलीहून घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "दर्शनाताई, दिपेशशिवाय हा इतिहास पूर्ण कसा होणार?" झालं, मी विरघळले.

दिपेश माझा धाकटा भाऊ. पहिल्याच वर्षी शर्यत आमच्या गावावरून गेली. आमच्यात पोरगा कबड्डीला निघो नाहीतर क्रिकेटला, वेशीवर आई ओवाळते. त्या दिवशी हा पहाटेच निघून गेलेला, ओवाळायचं राहिलं. मग आईनं, कमळाबाईनं, धावतानाच अडवला त्याला. तबक घेऊन रस्त्यात मधोमध! तो हसला, थांबला, तोंडात साखर घेतली आणि परत सुटला. पुलाखालच्या वळणावर कोसळला.

मी तिथेच पाणी वाटत होते. अॅम्ब्युलन्स एकच, ती पाहुण्यांच्या गाडीमागे. रिक्षात घातला, तर शर्यतीसाठी रस्ते बंद. दोर धरून उभे असलेले स्वयंसेवक काही सोडेनात. "ताई, रनर येतायत, जरा थांबा." अरे, आत झोपलाय तो कोण आहे मग? डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

गावात मात्र एकच बोलणं, आईनं अडवला म्हणून गेला. धावता माणूस मधेच थांबला की काळीज बंद पडतं म्हणे! तेव्हापासून आईनं तबकाला हात लावला नाही. माझ्या मुलाच्या वाढदिवसालाही मागच्या दारी जाऊन बसते. "मीच अरवला ना त्याला," एवढंच. मी ओरडून ओरडून सांगितलं, अगं, अॅम्ब्युलन्स नव्हती! तर म्हणते, माझं मन राखायला बोलतेस.

म्हणून सरांकडे मी एकच मागितलं. अॅम्ब्युलन्सचं लिहा आणि माईकवरून वाचा. माझं नाही ऐकत, मोठ्या माणसांचं ऐकेल.

"लिहिणार ताई, शब्द देतो."

रविवारी आईला नवीन लुगडं नेसवून स्टेजवर बसवली. शाल झाली, नारळ झाला. निवेदन करणारी ऋजुता गोड आवाजात वाचायला लागली, "पहिल्या वर्षी नातेवाइकांनी वाटेत थांबवल्यामुळे दिपेश हा गुणी धावपटू आपण गमावला. तेव्हापासून मार्गावर ओवाळण्यास मनाई आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मी धावतच स्टेजवर चढले. स्वानंद सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. कॉलरच धरणार होते मी त्यांची, पण आईनं माझा हात पकडून खाली बसवलं. तिचा चेहरा एवढा शांत मी इतक्या वर्षांत बघितला नव्हता.

"बघ, मी बोलत होती ना," ती म्हणाली. "आता तरी माज्याशी खोटा बोलू नको."